नवऱ्याचं वय सतरा

त्या वर्षीची आखाजी मी अजून विसरलेलो नाही. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. उपनिरीक्षक म्हणून साक्री भागातल्या एका लहान ठाण्याचा स्वतंत्र कारभार मला पहिल्यांदाच मिळाला होता. सहा शिपाई, दोन हवालदार, एक जीप आणि मनासारखं वारं असलं तरच चालणारा वायरलेस. यातल्या कोणाचंही नाव मी लिहिणार नाही. त्यातली बहुतेक माणसं अजून आपापल्या गावात मान राखून आहेत.

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी दोन गोष्टी सांगतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे या सणाला लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. पुरुष मंडळी त्या दोन दिवसांत पारावर बसून पत्ते कुटतात. कायद्याने तो जुगारच, पण सणापुरतं पोलीस तिकडे पाठ करून चालतात, मीही चाललो आहे. दुसरी गोष्ट सालदाराची. वर्षाच्या कराराने शेतावर राबणारा गडी तो सालदार. त्याचं साल आखाजीला संपतं आणि त्याच दिवशी नवं ठरतं. त्या दिवशी ज्याला कोणी धरलं नाही, तो वर्षभर बसला.

आखाजीला दोन दिवस राहिले असताना सकाळी एक बागायतदार ठाण्यात आला. त्याला सगळे आबा म्हणत. सुनेचे दागिने घरातून गेले होते, चांदीचे गोठ, कमरपट्टा आणि गळ्यातली सोन्याची एकदाणी. सून आखाजीला माहेरी निघाली, भाऊ तिला न्यायला आला, पेटी उघडली तर आत नुसती लुगडी.

"सालदारनंच काम शे साहेब," आबा म्हणाला. "घरमा दुसरा परका कोन शे?"

मी फिर्याद नोंदवून घेतली आणि जीप पाठवली. सालदार डोंगराकडचा, पस्तिशीचा, अंगाने काटक माणूस. सहा वर्षं आबाकडेच होता. त्याला आणून बाकावर बसवलं. कागदोपत्री ती अटक नव्हती, चौकशी होती. पण भर बाजाराच्या दिवशी पोलिसांच्या जीपमधून आणलेल्या माणसाला गाव काय म्हणतं, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. ते सुचलं नाही.

माझे थोरले हवालदार नोकरीत मुरलेले होते. ते म्हणाले, "साहेब, दोन रपाटे दिले की अर्ध्या तासात कबूल करेल."

मी म्हणालो, "हवालदार, दोन रपाटे दिले तर मीसुद्धा कबूल करेन."

त्यांना ते आवडलं नाही. पण ठाण्याचा प्रमुख मी होतो, आणि त्या वयात तसं ठणकावून बोलण्याची हौसही होती. सालदाराला चहा दिला आणि विचारलं, पेटी घरात कुठे असते?

"साहेब, मी ओटावर जेवस," तो म्हणाला. "घरमा कोठे काय शे, माले काय मालूम?"

एवढंच बोलला. खोटं बोलणारा माणूस आधी शपथा घेतो, मग देवाला मधे आणतो, मग रडतो. हा शांत बसून होता. शिवाय दोन दिवसांनी ज्याचं साल नव्याने ठरायचं, तो माणूस नेमकी आत्ताच चोरी करून स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेईल?

दुपारी पंचनाम्याला आबाच्या घरी गेलो. पेटी सगळ्यात आतल्या खोलीत, धान्याच्या कणग्यांच्या मागे. कुलूप धड होतं. कोणीतरी ते किल्लीने उघडलं होतं आणि काम झाल्यावर पुन्हा लावलं होतं. इतक्या वर्षांत कुलूप परत लावून जाणारा चोर माझ्या पाहण्यात नव्हता. मी किल्लीची चौकशी केली. किल्ली सुनेच्या गळ्यातल्या काळ्या पोतीत अडकवलेली असायची.

सुनेला बोलावलं. डोक्यावरून पदर, वय सोळाच्या आसपास, शेजारी सासू उभी. मी विचारलं, "बाई, ही किल्ली या आठवड्यात तुझ्याकडून कोणी घेतली होती?"

तिच्याआधी सासू म्हणाली, कोणीच नाही. मी सासूला थांबवून पुन्हा विचारलं.

मुलगी खाली बघत म्हणाली, "नाव कसं लेऊ साहेब?"

सासूने तोंडाला पदर लावला. आमच्याकडे बायको एकाच माणसाचं नाव घेत नाही, हे पंचांनाही ठाऊक होतं. त्या पोरीने सासरचा उंबरा न ओलांडता, कोणावर आरोप न करता, मला सगळं सांगून टाकलं होतं. पुढे मोठमोठ्या वकिलांच्या उलटतपासण्या मी ऐकल्या, पण इतकं नेमकं उत्तर एकाही साक्षीदाराने दिल्याचं आठवत नाही. पंच सही करायला पुढे आले तेव्हा त्यांच्या पाठीआड ती हळूच म्हणाली, "त्या गरीबले सोडी द्या."

नवऱ्याला ठाण्यात आणलं. मिशीची नुसती रेघ फुटलेली. त्याच्याबरोबर आबाही आला. वय विचारलं तर मुलाच्या आधी आबाच बोलला, "बावीस लिखा साहेब."

मी आबाला बाहेर बसवलं. मुलाला ओरडलो नाही, हातही लावला नाही. समोर स्टूल ठेवलं, पाणी दिलं आणि शाळेची गोष्ट काढली. मास्तर कोण, बाकावर शेजारी कोण, दहावी कधी दिली. "मागच्या वरसले," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. बावीस वर्षांच्या माणसाने मागल्या वर्षी दहावी दिली! मी हसलो, तसा तो रडायला लागला.

मग सगळं बाहेर पडलं. गावाबाहेर आमराईत एकाने पत्र्याची शेड टाकली होती. आखाजीच्या आडोशाने पंधरा दिवस आधीपासूनच तिथे झन्ना-मन्ना या पत्त्यांच्या जुगाराचा डाव चाले, सोबत हातभट्टी. शेडवाला दर डावामागे आपला वाटा काढून घ्यायचा. हा पोरगा पहिल्यांदा नुसता बघायला गेला, तेव्हा त्याला ग्लास पुढे करून शेडवाला म्हणाला होता, "लगीन हुई गय तुनं. आते बी बापले इचारीसन पेस का?" बरोबरची मंडळी हसली. त्या हसण्यासाठी पोरगा प्यायला, मग बसला, मग हरत गेला. शेवटी बायकोच्या गळ्यातून किल्ली काढून घेतली आणि दागिने शेडवाल्याला दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पायी, साध्या कपड्यांत गेलो. जीप नेली असती तर धूळ बघूनच सगळे पांगले असते. छाप्यात पत्ते, हातभट्टीचे दोन कॅन आणि शेडवाल्याच्या गादीखाली कमरपट्टा, गोठ, एकदाणी, सगळं मिळालं. तो जराही घाबरला नाही.

"साहेब, आखाजीना खेळ शे," तो म्हणाला. "आनि दागिना मी इकत लियेत. इकणारा काय पोऱ्या शे का? बायको नांदस तेनी."

आदल्या दिवशी आबाने बावीस लिहायला सांगितलं होतं, ते याचंच दुसरं टोक. बापाला वयाआधी लावलेलं लग्न लपवायला मुलगा मोठा हवा होता आणि जुगाऱ्याला सौदा पचवायला. लग्न लागलं की माणूस जाणता झाला, हा समज मला नोकरीभर सगळीकडे भेटला. कायद्यात तसं काही नाही. जुगाराचा अड्डा कुठल्याच वयाला माफ नाही, दारूच्या परवान्याची वयाची अट अठराच्याही बरीच वर, आणि अठराच्या आतल्याने केलेली विक्री ही विक्रीच नव्हे. हळद लागल्याने यातला एकही आकडा खाली येत नाही.

शाळेतून दाखला मागवला. मुलाला सतरा वर्षं आणि चार महिने झाले होते. त्याच्या जबाबावर बापाची सही हवी होती, आणि आबा सही करेना. एकविसाच्या आत मुलाचं लग्न लावलं म्हणून आपल्यालाच बेड्या पडतील, ही त्याला भीती.

"ऱ्हाऊ द्या ना साहेब," तो हलक्या आवाजात म्हणाला. "सालदार शे, दोन महिनामा सुटी येई. आम्हनी अब्रू गयी ते परत येवाव नही."

माझं टाळकंच सटकलं. सहा वर्षं ज्याच्या घामावर घर उभं राहिलं, त्याला हा माणूस सणाच्या तोंडावर तुरुंगात घालायला निघाला होता, तेही एक आकडा लपवण्यासाठी! मी म्हणालो, "आबा, बावीस लिहिलं तर तुमचा मुलगा बायकोचं स्त्रीधन जुगारात घालणारा जाणता माणूस ठरतो. सतरा लिहिलं तर फसवलेलं पोर. कुठला मुलगा घरी न्यायचा ते तुम्ही ठरवा."

लग्नाला वर्ष उलटून गेलं होतं आणि वर्षानंतर न्यायालय त्या गुन्ह्याची दखल घेत नसे, हे मला माहीत होतं. पण मी ते आबाला सही झाल्यावर सांगितलं. थोडा वेळ त्याला घाम फुटू दिला, याचं मला आजही वाईट वाटत नाही.

सही झाली. सालदारावरची फिर्याद चुकीच्या समजातून दिलेली ठरवून 'क' समरीचा अहवाल तयार केला. मुलगा साक्षीदार झाला आणि पुढे शेडवाल्याला शिक्षा झाली. सून मात्र त्या आखाजीला दागिन्यांशिवायच माहेरी गेली, कारण मुद्देमाल न्यायालयाच्या हुकमाशिवाय परत देता येत नाही.

दागिने मिळेपर्यंत ठाण्यातच ठेवलेल्या सालदाराला मी बोलावून सांगितलं, "तू मोकळा. जा घरी." मला वाटलं तो पाया पडेल. तो उभाच राहिला.

"साहेब, तुम्ही माले मारं नही, ते खरं," तो म्हणाला. "पन जीपमा बसाडीसन लई उनात, ते बठ्ठा गावनी देखं. आते सोडी दिधं, ते कोन देखस?"

त्याला आणलेलं सगळ्या गावाने पाहिलं होतं, सोडलेलं कोणी पाहणार नव्हतं. अहवाल, शिक्के, सह्या सगळं माझ्या टेबलावर होतं, आणि त्यातलं काहीच साल ठरतं त्या पारावर पोहोचणार नव्हतं.

आखाजीच्या सकाळी मी पूर्ण गणवेशात त्याच्याबरोबर पायी गावात गेलो. पारावर साल ठरवायला शेतकरी जमले होते. मी मोठ्या आवाजात सांगितलं की या माणसाने काही केलेलं नाही, मी त्याला विनाकारण बसवून ठेवलं आणि ती माझी चूक. नोकरीत पहिल्यांदाच चारचौघांत मी चूक कबूल करत होतो. मग आबाकडे बघितलं. तो खाली मान घालून उठला आणि म्हणाला, दागिने माझ्या मुलाने घालवले, या वर्षीही सालदार माझ्याकडेच राहील.

सालदाराने हात जोडले. "आबा, तुम्हनं मीठ खाधं, मी वाईट बोलाव नही. पन तुम्हना घर आते साल धराव नही."

पारावरचे शेतकरी आपापली सालं ठरवू लागले. तो तसाच उन्हात उभा राहिला, आणि मला वाटलं, याने आपलं वर्ष स्वतःच्या हाताने घालवलं. तेवढ्यात मागून एक म्हातारा शेतकरी काठी टेकत पुढे आला. "मन्हाकडे धर भाऊ," तो म्हणाला.

पुढे पस्तीस वर्षं नोकरी केली. मोठे गुन्हे उघडकीला आणले, वरिष्ठांची शाबासकी मिळाली, दोनदा बक्षीसही. पण मला अभिमान आहे तो त्या सकाळच्या चालण्याचा. त्यानंतर ज्याला ज्याला मी चौकशीला आणलं आणि निर्दोष ठरवलं, त्याला मी कधी ठाण्याच्या दारातून एकटा सोडला नाही. जितक्या लोकांनी त्याला येताना पाहिलं, तितक्या लोकांसमोरून त्याला घरापर्यंत पोहोचवत आलो.