बिनचिठ्ठीची कवळी

आमचे हे कधी कुणाच्या डोळ्यांत बघून बोलले नाहीत. बघायचे ते थेट तोंडात. नवीन माणसाला वाटायचं ओठाला काहीतरी लागलंय, आणि तो बिचारा रुमाल काढून पुसत बसायचा. ह्यांच्या मनात मात्र भलतंच चाललेलं असायचं: जबडा पुढे आहे, एकाच बाजूने चावतो, बोलताना जीभ अडकते. कवळ्या करणाऱ्याशी संसार करायचा तर अशा गोष्टींची लाज सोडावी लागते, आणि मी ती फार लवकर सोडली.

हे दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर माप घेऊन पाठवायचे. आमच्या मागच्या खोलीत हे त्या मापात प्लास्टर ओतून साचा काढायचे, त्यावर मेण चढवायचे आणि मेणात एकेक दात बसवायचे. सगळं मनासारखं झालं की मेण काढून पक्का गुलाबी मसाला भरायचा. मापाचा नवीन मसाला बाजारात आला की त्याची पहिली चव माझी. "अगं, जरा तोंड उघड," म्हणत समोर उभे. मला उमळून यायचं, डोळ्यांतून पाणी वाहायचं, आणि हे म्हणायचे, "हलू नकोस, टाळू नीट उमटू दे. टाळूच्या वळ्या माणूस म्हातारा झाला तरी बदलत नाहीत." लोकांचे नवरे डोळ्यांचं कौतुक करतात, केसांचं करतात. माझ्या वाट्याला टाळू.

आमचं जमलं तेही कवळीपायीच. माझ्या वडिलांची पहिली कवळी हे स्वतः घरी घेऊन आले. वडिलांनी ती घातली, "सरळ बसलीय" म्हणायला गेले आणि शिट्टी वाजली. मला हसू आवरेना. मी सवयीने तोंडावर हात धरून हसले, कारण माझा सुळ्याजवळचा एक दात शेजारच्यावर चढून बसला होता. ह्यांनी वडिलांच्या तोंडातून नजर काढली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "हात कशाला? दिसू द्या की." मग ती शिट्टी दुरुस्त करायला हे इतक्यांदा आले की शेवटी आईच म्हणाली, दात कधीचे ठीक झालेत, ह्या मुलाचं काय ते बघा.

लग्नानंतर आमची एक पद्धत पडली. मला दाखवल्याशिवाय कुठलीही कवळी घराबाहेर जायची नाही. दुपारी ताटं उचलली की खिडकीजवळच्या टेबलावर हे साचा आणून ठेवायचे. "हसतंय का बघ." मी बघायची आणि सांगायची, ही बाई घरच्यांना धाकात ठेवत असणार. किंवा, ह्या माणसाचे दात शाळेतल्या रांगेसारखे उभे केलेत, जरा मोकळं होऊ द्या की त्याला. मग हे एक दात किंचित फिरवायचे, एकाची कड घासायचे. मी "पास" म्हटलं की चिठ्ठी बांधायची. वर डॉक्टरांचं नाव, खाली पेशंटचं. तोंड कधी न बघितलेल्या किती माणसांना मी हसवलं असेल, देव जाणे.

भांडण झालं ते एका दातावरून. मी पाय घसरून पडले, तोंड आपटलं आणि तोच चढलेला दात तुटला. वाईट वाटायचं सोडून मी खूश. म्हटलं, आता सरळ करून द्या. "तो तुला शोभत होता," म्हणून हे गाल फुगवून बसले. मी म्हटलं, तोंड माझं आहे. दिला करून सरळ दात, पण पास आहे का ते विचारलं नाही. तो बसवल्यावर एकदाच म्हणाले, "झाला सगळ्यांसारखा." पुढे तो विषय दोघांनीही काढला नाही.

हे गेले ते दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. लोक म्हणाले, सुखाचं मरण आलं. त्यांना आलं असेल. मला तर चीड आली, निदान हाक तरी मारायची. इतकी वर्षं आनंदात काढून असं न सांगता उठून जातात का कुणी? खूप रडले, आणि रडतानाही भांडतच होते.

पुढे लेक आली तेव्हा आम्ही मागची खोली आवरायला काढली. प्लास्टरच्या पिंपामागे बिस्किटांचा डबा होता. त्यात फडक्यात गुंडाळलेला साचा, आणि साच्यावर मेणात बसवलेली वरची कवळी. चिठ्ठी नाही. मी ती खिडकीजवळ नेली आणि बघतच राहिले. लहानसर दात, बाईचे. आणि हसत होते, असे की बघता बघता मलाही हसू फुटलं. मग माझं लक्ष गेलं. सुळ्याजवळचा एक दात शेजारच्यावर चढलेला होता. माझाही असाच होता, पण आरशात रोज बघायचे ना मी, माझा होता ह्या बाजूला. हिचा त्या बाजूला.

"आई, राहिलं असेल एखादं काम. दे टाकून," लेक म्हणाली. राहिलेलं काम फडक्यात गुंडाळून पिंपामागे ठेवतात होय? आयुष्यभर एकेक दात मला दाखवणाऱ्या माणसाने ही एवढी एक लपवली होती. कोण ही? संशय नव्हता असं म्हणणार नाही, चांगला मूठभर होता. पण खरं सांगायचं तर मला तिला बघायचं होतं. इतकं गोड हसणारी बाई ह्यांना माहीत आणि मला नाही, हे काही केल्या पटेना.

तेव्हापासून ह्यांची खोड मला लागली. भाजीवालीशी बोलताना तिच्या तोंडात बघ, पोस्टातल्या बाईच्या बघ. शेजारणीला मुद्दाम विनोद सांगून हसवलं, तर तिचे दात तिचेच निघाले, आणि केवढाले. शेवटी डबा उचलला आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. ह्यांचं बरंचसं काम तिथूनच यायचं.

त्यांनी साचा उलटसुलट केला. "ही आमच्याकडची नाही, काकू. साचा खूप जुना आहे, पिवळा पडलाय. मेण मात्र अगदी अलीकडचं."

जुनी ओळख तर.

"आणि ही जिची आहे ना, तिचे दात अजून तोंडात असणार. साच्यावरचे दात कापून काकांनी त्याच जागी हे बसवलेत. बोळकं घेऊन बसावं लागू नये म्हणून आधीच तयारी करून ठेवतात." मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही एकाच बाजूने चावताय का हल्ली?"

चावते कसली, चहात पाव बुडवून गिळत होते. लेकीलाही सांगितलं नव्हतं. त्यांनी मला खुर्चीत बसवलंच. दात हलवून बघितले, मान हलवली, माप घेतलं आणि परवा यायला सांगितलं.

परवा गेले तर टेबलावर दोन साचे शेजारी शेजारी. जुन्यावरचं मेण अलगद उचलून बाजूला ठेवलेलं. "टाळू बघा," त्या म्हणाल्या.

टाळू वाचायला मला कुणी शिकवायला नको. मधली लांब वळी, तिला फुटलेला फाटा, टोकाशी लहानसा आकडा. जुन्यात होतं तेच नव्यात.

"नाही हो," मी म्हटलं. "माझा दात ह्या बाजूला होता."

त्यांनी वाद घातला नाही. हातात आरसा दिला आणि ती मेणाची कवळी माझ्या ओठांसमोर धरली. आरशात तो दात माझ्या बाजूला आला. "काकू, आरशाबाहेर तुम्ही स्वतःला कधी हसताना बघितलंय?"

कुठून बघणार? घरातल्या सगळ्या फोटोंत माझं तोंड मिटलेलं. ते हसू समोरून बघितलं होतं ते फक्त ह्यांनी. माझ्या ताटातला पाव मऊ होत चाललाय हेही त्यांनीच बघितलं असणार, आणि नवा मसाला माझ्या तोंडात तपासताना काढलेला, दात तुटण्याआधीचा साचा शोधून गुपचूप कामाला लागले असणार. मी त्या दवाखान्यात आरसा धरून हमसून हमसून रडले, आणि जन्मात एवढी सुखी कधी झाले नव्हते.

"नव्या मापावर बसवून देते, दात हेच राहतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा एक सरळ करायचा का?"

मी कवळी आणि साचा त्या दिवसापुरता घरी मागून घेतला. म्हटलं, अजून पास झालेली नाही.

दुपारी ताट उचललं आणि ती खिडकीजवळ ठेवली. ह्यांनी ही मला का दाखवली नाही ते आता कळलं. दाखवली असती तर मी सरळच करायला लावला असता. "अहो, दात वाकडा आहे," मी मोठ्याने म्हटलं. सवयीने तोंडावर हात गेला होता, तो खाली घेतला. पुन्हा एकदा नीट बघितलं. हसत होती.

"पास," मी म्हटलं. मग चिठ्ठी घेतली, वर डॉक्टरीणबाईंचं नाव लिहिलं, खाली माझं, आणि दोऱ्याने बांधली.