बोडीच्या गाळातला मोह

कलावतीबाईंना माहेर नव्हतं असं नाही. घर होतं, भाचा होता. प्रफुल्ल फोनवर "जयभीम आत्या" म्हणून खुशाली विचारायचा, सणावाराला बोलवायचा. पण त्या ज्याला माहेर म्हणायच्या, ते गोंदियाकडच्या त्या गावात कुणाला ठाऊकच नव्हतं. गावाच्या बोडीभोवती, म्हणजे लहानशा तळ्याभोवती, एके काळी मोहाची राई होती. चैत्रात फुलं टपटप पडायची. आई झुंजूमुंजूला उठवून टोपली हातात द्यायची आणि मागून बजावायची, "एकबी फूल मागं ठेवू नको." लग्न होऊन त्या रायपूरला रेल्वेच्या क्वार्टरात आल्या आणि दोन वर्षांत राई तुटली. मग आई गेली, भाऊही गेला. ती झाडं पाहिलेलं गावात कुणी उरलं नाही.

"आत्या, तिथं पहिलेपासून धानाचे बांधच हायेत. तुले भास होत असन," प्रफुल्ल म्हणायचा. पोरगा गुणाचा, पण या एका गोष्टीत अगदी आडमुठा. कलावतीबाईंचं टाळकं फिरायचं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला तिच्याच माहेराबद्दल कुणी खोटं पाडावं, हे का सोसण्यासारखं आहे? मरायच्या आधी एकदा प्रफुल्लनं "आत्या, तू खरी" म्हणावं, एवढीच त्यांची आस होती.

त्यांची मुलगी नीलिमा नव्या रायपुरातल्या एका संस्थेत कामाला. काम काय, तर तळ्यांचा गाळ आणायचा आणि तो तेजाबात उकळायचा. "एवढं शिकून चिखल शिजवतेस," आई चिडवायची. नीलिमा हसायची आणि समजावून सांगायची. गाळ वर्षावर्षानं थरावर थर बसतो, त्यात झाडांचे परागकण अडकतात, आणि त्यांचं कवच इतकं चिवट की हजारो वर्षं कुजत नाही. खालच्या थरात कोणत्या झाडाचे कण निघाले त्यावरून तेव्हा रान कसं होतं, पाऊस किती पडत होता, ते कळतं.

"मग आमच्या बोडीत मोह दिसन काय?"

"होगा तो दिखेगा, आई."

उन्हाळ्यात प्रफुल्लनं सहज सांगितलं, की बोडी खोल करायला जेसीबी येणार आहे. कलावतीबाईंनी लेकीच्या मागे असा धोशा लावला की बिचारीनं त्यांना घेऊन त्याच रविवारची गाडी पकडली.

निघायच्या सकाळी नीलिमा आंघोळीला गेली होती. गाळ भरायचे धुऊन सुकवलेले छोटे डबे पिशवीत होते. कलावतीबाईंनी ते पाहिले. माहेरी रिकामे डबे घेऊन जायचं? त्यांच्या उभ्या जन्मात हे झालं नव्हतं. शेजारणीची वाटीसुद्धा त्या चिमूटभर साखर घातल्याशिवाय परत करत नसत. त्यांनी पेटी उघडली. तळाशी कडुलिंबाच्या पाल्यात एक गाठोडं होतं. पाठवणीच्या वेळी आईनं पदरात बांधून दिलेली, बोडीवरची वाळलेली मोहफुलं. काळी पडली होती, पण होती. त्यांनी ती सगळी, थोडी थोडी करून, प्रत्येक डब्यात घातली.

बोडीवर नीलिमा आणि प्रफुल्ल लांब नळी गाळात खुपसत होते. पलीकडच्या काठावर कलावतीबाईंनी फुलं पाण्यात सोडली, डबे पदरानं लख्ख पुसले आणि पुन्हा झाकणं लावून ठेवले. कितीतरी वर्षांनी त्यांना भरल्या हातानं माहेरी आल्यासारखं वाटलं.

पुढं जेसीबीनं बोडी खरवडली, गाळ ट्रॅक्टरनं शेताशेतांत गेला. पावसाळा निम्मा सरला तेव्हा एका संध्याकाळी नीलिमा दारातूनच म्हणाली, "आई, मोह सापडला."

कलावतीबाई हातातलं काम टाकून उठल्या. "प्रफुल्लले फोन लाव. आत्ताच लाव."

नीलिमानं नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. घंटी वाजत असताना ती म्हणाली, "पण एक गोष्ट जुळत नाही गं. झाडं तुटल्यानंतरचा जो वरचा गाळ आहे ना, त्यातही आहे. सगळ्याच डब्यांत आहे. कैसे हुआ, समजतच नाही."

कलावतीबाईंना समजलं. डबे, पदर, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तेवढ्यात प्रफुल्लनं फोन उचलला. "जयभीम आत्या. बोल."

बोलायचं तर होतं. एक वाक्य बोललं की झालं. नीलिमानं पुढं काहीतरी कारण शोधलंच असतं, आणि प्रफुल्लनं तर लगेच मानलं असतं. पण सापडलेला मोह बोडीच्या गाळातला नव्हता, त्यांनीच डब्यांतून नेलेला होता.

"काही नाही सापडलं, बाबू," त्या म्हणाल्या.

"म्हटलं होतं ना आत्या," तो मायेनंच म्हणाला.

फोन ठेवून त्यांनी लेकीला डब्यांचं सांगितलं. नीलिमा कपाळाला हात लावून बसली. इतक्या दिवसांचं काम वाया गेलं होतं, आणि पुन्हा आणायला बोडीत गाळ कुठं होता?

"माह्याच हातानं पुसली मी माही राई," म्हणून कलावतीबाई रडू लागल्या.

नीलिमानं त्यांना बराच वेळ रडू दिलं. मग एकदम विचारलं, "ते मोह कुठले होते? गोल बाजारातले?"

"बाजारचे काहून नेऊ? तुह्या आजीनं देल्ले, बोडीवरचे. होते तेवढे सारे सोडून आली मी."

दुसऱ्या दिवशी नीलिमानं आईला स्कूटीवर मागे बसवलं, नव्या रायपूरच्या रुंद मोकळ्या रस्त्यांवरून संस्थेत नेलं आणि सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. कलावतीबाईंनी डोळा लावला. आधी नुसताच उजेड, मग त्यात एक गोल दाणा, अंगावर खाचा असलेला.

"गाळाचं यानं काही सिद्ध होत नाही, आई," नीलिमा म्हणाली. "पण हा कण त्या राईतलाच. तेवढं खरं."

कलावतीबाईंनी डोळा काढलाच नाही. खूप वेळानं, लेकीशी नाही, दुसऱ्याच कुणाशी बोलावं तशा त्या म्हणाल्या, "एक राहूनच गेलं होतं वं माय, वेचायचं."

आणि वेचायला पुढं गेलेली त्यांची बोटं काचेवर टेकली.