कुशाबाच्या घरात चालेल असं कॅबिनेट

रेश्मा माझ्या लक्षात राहिली ती तिनं वर्गातल्या जयसिंगच्या कपाळावर लाकडी पट्टी मोडली त्या दिवसापासून. साल १९९८. मी कोळवणच्या शाळेत सातवीला शिकवत होते. जयसिंगच्या भुवईतून रक्त गळत होतं आणि ही पट्टीचा उरलेला तुकडा मुठीत घेऊन उभी होती.

"का मारलंस गं?"

"माज्या बाला येडा म्हनला. बाई, शिक्षा करा. पन पुन्यांदा म्हनला तर पुन्यांदा मारीन."

तिचा बा म्हणजे कुशाबा. फार्महाऊससाठी जमिनी विकल्या जाऊ लागल्या तेव्हा बांधावरून भांडण झालं आणि चुलतभावानं त्यांच्या डोक्यात पहार घातली. जखम भरली, पण उजव्या कानात कायमची एक बारीक शिट्टी वाजत राहिली. बाहेरून तसाच बारीक आवाज आला की त्यांना भान उरत नसे. रत्नाबाईंनी, म्हणजे रेश्माच्या आईनं, मिक्सर घेतला तो त्यांनी दुसऱ्याच दिवशी विहिरीत फेकला. मिक्सरसोबत रत्नाबाईंचा एक दातही गेला. एरवी हा माणूस भातखाचरात बगळा बसला तरी काम थांबवून त्याला बघत राही.

रेश्मा मराठी टायपिंग शिकली. पिरंगुटच्या एका छापखान्यानं तिला घरबसल्या काम दिलं, पत्रिका आणि दिवाळी अंकांची पानं लावायचं. ती बाहेर नोकरीला जाऊ शकत नव्हती. कुशाबांचा हात उठला की तो धरण्याची ताकद रत्नाबाईंकडे नव्हती.

पहिला कॉम्प्युटर तिनं जुना घेतला. आवाज दबावा म्हणून त्याच्या पेटीभोवती गोधडी गुंडाळली. वर पत्र्याचं छप्पर, दिवस एप्रिलचे. गोधडीत गुदमरून आतला छोटा पंखा जीव खाऊन फिरू लागला आणि शिट्टी मारू लागला. कुशाबांनी कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, पात्यामागच्या बोथट बाजूनं, पेटीचा चेंदामेंदा केला. रत्नाबाई आडव्या आल्या, त्यांचा हात कोपराखाली मोडला.

रेश्माचा भाऊ अमोल पिरंगुटजवळच्या चांदे गावात राहतो, कंपन्यांना गाड्या पुरवतो. तो आला आणि अंगणातूनच म्हणाला, "ह्यापुढं एकदा जरी हात उचलला ना, तर बाला येड्यांच्या इस्पितळात घालनार. आयला मरू द्यायचं हाय का?"

"एकदा मला कायतरी करून बगू दे," रेश्मा म्हणाली.

तेव्हा ती माझ्याकडे आली. मी निवृत्त होऊन घरीच होते. "बाई, दुकानात संगं चला. एकटी बघून कायबी गळ्यात मारत्यात."

दुकान पिरंगुटला, पियूष नावाच्या विदर्भातल्या मुलाचं. त्यानं आधी काचेच्या बाजूचं, निळे दिवे लागणारं कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरची बाहेरची पेटी, पुढं केलं.

"ताई, हे पाहा. रात्री काय दिसते!"

"दिसाया नको, ऐकू येया नको."

"मग पंखे काढून देऊ का सगळे?"

"आन् तापल्यावर तुज्या घरी आनून ठेवू का?"

पियूष हसला, पण मग नीट दाखवू लागला. रेश्मानं पिशवीतून उदबत्ती काढून पेटवली. प्रत्येक कॅबिनेट चालू करायला लावून तिनं उदबत्ती समोर धरली. काहींत धूर तोंडाशीच घुटमळे. एकात मात्र तो पुढच्या जाळीतून सरळ आत ओढला गेला आणि मागून, वरून बाहेर पडला. त्याचे पंखे ताटाएवढे रुंद होते, सावकाश फिरत होते. पत्रा जाड होता, पंख्यांच्या स्क्रूखाली रबर होतं. रेश्मा त्याला कान लावून डोळे मिटून बसली.

"घरघर हाय. घरघर बाला चालती. शिट्टी न्हाई."

"ताई, मशीन घेताय की नवरा?" पियूष म्हणाला.

"नवरा परवडला. त्येला गप बस म्हनता येतं."

ते कॅबिनेट टिकलं. उन्हाळा गेला, हिवाळा गेला, कॉम्प्युटर एकदाही तापून बंद पडला नाही. थंडीत कुशाबा मागून येणाऱ्या गरम वाऱ्यावर तळहात धरून बसत. "शेकोटी चांगली हाय तुजी," ते लेकीला म्हणत. अमोल हळूहळू इस्पितळाचं नाव काढेनासा झाला.

२००९च्या खंडेनवमीला रत्नाबाईंनी मला जेवायला बोलावलं. या दिवशी घरातली हत्यारं धुऊन पुजतात. विळे, कुऱ्हाड, कोयता पाटावर मांडले होते. लेकीचं पोट ज्यावर चालतं ते हत्यारच, म्हणून रत्नाबाईंनी कॅबिनेटही त्याच ओळीत, कोयत्याशेजारी ठेवून पुजलं होतं. हळद, कुंकू, झेंडू आणि मूठभर अक्षता. अक्षता वरच्या जाळीवर पडल्या होत्या.

जेवणं झाल्यावर रेश्मा मशीन जोडू लागली.

"आज हत्याराला हात लावू नये गं," रत्नाबाई म्हणाल्या.

"दिवाळी अंक थांबतोय व्हय तुज्या नवमीसाठी?"

तिनं बटण दाबलं. आतून खर्रर्र असा आवाज आला आणि लगेच तो चढत जाऊन शिट्टीसारखा झाला. जाळीतून तांदळाचे दाणे पंख्यात गेले होते. रेश्मा वायर ओढायला वाकली तोवर कुशाबांनी पाटावरचा कोयता उचलला होता. पहिला घाव कॅबिनेटच्या पत्र्यात रुतला. त्यांनी तो उपसला आणि परत उगारला. तेवढ्यात रत्नाबाई "अहो" म्हणत पुढं झाल्या. कोयता वळला. रेश्मानं आईला ढकललं आणि घाव तिच्या डाव्या खांद्यात बसला. हाड तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. भिंतीवर रक्त उडालं. कुशाबा तिसऱ्यांदा उगारणार, एवढ्यात खाली पडलेल्या रेश्मानं लाइटीची वायर उपटली आणि पंखा थांबला. त्यांचा हात तसाच वर राहिला.

फोन गेल्यावर अमोल जीप घेऊन आला तोवर मी रत्नाबाईंचं जुनं लुगडं फाडून जखम बांधली होती. जीपमधून त्यानं बापाला बांधायला बैलाचं दावं काढलं आणि बापाच्या कानाखाली दोन ठेवून दिल्या. कुशाबा पडले.

"माज्या पूजेनं झालं रं," रत्नाबाई रडत म्हणाल्या. "तांदळानं झालं, त्येनं न्हाई."

"तांदूळ असू दे न्हाईतर दगूड. कोयता कुनी उचलला?"

सगळे रेश्माकडे बघत होते. ती आईच्या मोडून वाकडा बसलेल्या हाताकडे बघत होती.

"ने त्यास्नी," ती म्हणाली. "पन बांधायचं न्हाई. मी शेजारी बसते."

"तुला दवाखान्यात—"

"आदी बाला. मंग मला."

कुशाबा उठले, निमूटपणे जीपमध्ये बसले. रेश्माच्या खांद्यावरचं लाल फडकं बघून त्यांनी विचारलं, "कुनी मारलं गं तुला?"

"पडले, बा."

ते अजून इस्पितळातच आहेत. रेश्मा महिन्यातून एक रविवार भेटून येते. आता तिला घरी थांबावं लागत नाही, म्हणून ती सकाळच्या एसटीनं पिरंगुटच्या छापखान्यात जाते. तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही, त्यामुळे निघण्याआधी तिची वेणी रत्नाबाई घालतात.