सर्जेरावचं पाण्यातलं मशीन

सर्जेराव गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या हातात माईक होता. इचलकरंजीत एका सत्काराचं सूत्रसंचालन करत होतो, चांगला रंगात आलो होतो आणि कुणीतरी चिठ्ठी सरकवली. 'वेळ कमी आहे, आवरा' अशी नेहमीची चिठ्ठी असणार, म्हणून न वाचताच खिशात टाकली आणि आणखी दोन किस्से सांगितले. टाळ्या घेऊन खाली बसल्यावर वाचली... माईक हातात आला की मला सर्जा दिसत नाही, ही माझी जुनी खोड. शेवटच्या दिवशीही तेच झालं.

मग आठवड्यानं शोकसभा झाली. जे कधी त्याच्या दुकानाची पायरी चढले नव्हते ते एकेक करून उठले आणि म्हणाले, सर्जेराव म्हणजे एक अवलिया. अवलिया म्हणे! आपल्याकडे एखाद्याचं ऐकायचं नसलं की त्याला जिवंतपणी येडा म्हणतात आणि मेल्यावर अवलिया. मी खुर्चीत दात खात बसलो होतो. सूत्रसंचालन करा म्हणून मला विचारलं होतं. जन्मात पहिल्यांदा मी नाही म्हणालो.

सर्जा माझा शाळेपासूनचा दोस्त. मी मास्तर झालो, त्यानं शिवाजी पेठेत लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान टाकलं. बारशापासून निवडणुकीपर्यंत सगळ्या पेठेचा आवाज त्याच्या कर्ण्यांतून निघायचा, आणि हा गडी स्वतः दिवसाला दहा वाक्यं बोलला तर पुष्कळ. त्याची बायको, पार्वतीवहिनी म्हणायच्या, "भावजी, ह्यांचा आवाज ऐकायचा आसंल तर कुणाचं तरी लगीन निघायला पायजे."

आमच्या गावाबाहेरच्या तळ्यात एका खात्यानं चिलापी सोडली होती. गरिबाला स्वस्तात मासा, अशी त्यामागची कल्पना. चिलापी हा परमुलखातला मासा, भलता चिवट. स्वतःची पिल्लं तोंडात धरून सांभाळतो आणि दुसऱ्यांची अंडी मात्र फस्त करतो. दोन वर्षांत तळ्यात दुसरा मासा दिसेना. तळ्याच्या सांडव्यातून ओढा निघतो आणि ओढा जातो पंचगंगेला. तिथं जाळी टाकणारा विठूमामा भोई एकदा दुकानात येऊन बसला. म्हणाला, "सर्जेराव, येत्या पावसाळ्यात ही अवदसा नदीत उतरली, की माझी मरळ गेली, वाम गेली, खवली गेली. पोरांनी काय खायाचं?" सांडव्याला जाळी लावून पाहिली होती. पाणी वाढलं की काटक्या आणि जलपर्णी अडकून ती फाटायची.

आता कुठलाही शहाणा माणूस हळहळला असता आणि चहा पाजून मोकळा झाला असता. सर्जाला मात्र गणपती विसर्जनाची एक गोष्ट आठवली. त्या वर्षी बैलगाडीवरचा कर्णा घसरून, वाजत वाजतच तळ्यात पडला होता. सगळे हसत होते, मी सर्वांत मोठ्यानं. सर्जा एकटा पाण्याकडे बघत होता. काठाजवळचे मासे एका झटक्यात वळून पळाले होते.

त्यानं कर्ण्यातलं आवाज काढणारं युनिट सोडवलं, सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळलं, पितळी घागरीत बसवलं आणि तोंड डांबरानं बंद केलं. घागर सांडव्याच्या तोंडाशी बुडवली, वायर काठावरच्या मशीनला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरला, आणि मशीन मोटारीच्या बॅटरीला. पाण्यात एक घोगरा, दाढ दुखल्यासारखा सूर निघायचा. विठूमामा पाण्यात बांबू रोवून वरच्या टोकाला कान लावायचा आणि वेडंवाकडं तोंड करून म्हणायचा, "आरं, मी मासा असतो तर कर्नाटकात पळालो असतो की!" मासा एकाच आवाजाला सरावतो हे सर्जाच्या लवकर ध्यानात आलं, म्हणून तो थोड्या थोड्या वेळानं सूर बदलायचा. मी विचारलं, "सगळी चिलापी अडते काय रे?" तर म्हणाला, "न्हाय. पर निम्म्याच्या वर माघारी फिरत्यात. उरल्याली मामा जाळ्यात धरतोय." थाप मारणं त्याला ठाऊक नव्हतं. ते खातं माझ्याकडे होतं.

पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्यात, तळं सांडव्यावरून वाहत असताना, त्याच खात्याचे एक साहेब प्रयोग बघायला येणार असं कळलं. त्यांनी मान्यता दिली की दर पावसाळ्याला वीज मिळणार, मशीन कायमचं बसणार. आता साहेब येणार म्हटल्यावर आमचं कोल्हापूर गप्प बसतंय होय? सांडव्याशेजारी मांडव पडला, फेटा आला, शाल आली, नारळ आला, तांबड्या रश्श्याला चूल पेटली. आणि ऐन वेळी ध्यानात आलं की माईकला मशीनच नाही. दुकानातली सगळी मशीनं आषाढातल्या जत्रांना गेलेली. माईकशिवाय सत्कार म्हणजे पाहुण्याचा अपमान! सर्जा आणि विठूमामा खाली ओढ्यात कमरेएवढ्या पाण्यात जाळं बांधत होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घागरीची वायर काढली आणि कर्ण्याची जोडली. पाच मिनिटांचा तर प्रश्न!

प्रास्ताविक मी केलं. अर्धा तास. मग तळ्याशेजारच्या गावचे सरपंच, मग सोसायटीचे चेअरमन, मग साहेब, मग आभार पुन्हा मीच. दोन तास माणसं माणसांना मोठ्यानं थोर म्हणत होती आणि शेजारून पाणी मुकाट्यानं वाहत होतं. जेवून ढेकर देत साहेब सांडव्यावर गेले. म्हणाले, "अहो, मासे तर मजेत चाललेत की!" खरंच चालले होते. काळे, चपटे, एकामागून एक, वरात निघाल्यासारखे. खालून सर्जा ओलाचिंब पळत आला. वायर बघितली. "साहेब, मशीन काढल्यालं हाय..." साहेब हसले. "आता कारणं नकोत, सर्जेराव." मी बाजूलाच उभा होतो. एका वाक्याचं काम होतं. दोन तास अखंड बोललेला मी, साहेबांसमोर माझी फजिती नको म्हणून गप्प राहिलो.

मान्यता मिळाली नाहीच. उलट, सरकारी तळ्यात विजेचा खेळ करू नये असा कागद आला. साहेबांवर मी वर्षानुवर्षं दातओठ खाल्ले, त्यांच्या नकला करून मैफली गाजवल्या. सरपंचाला सोडलं नाही, चेअरमनला सोडलं नाही. राग खोटा नव्हता, पण पत्ता चुकीचा होता. सर्जा त्या दिवशी मला एवढंच म्हणाला, "मास्तर, भाषण झ्याक झालं. माशांनी बी ऐकलं." पुन्हा कधी विषय काढला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता विठूमामाच्या जाळ्यात चिलापीच येते. खवली शेवटची कधी बघितली ते त्याला सांगता येत नाही. सर्जाच्या शोकसभेला तो आला नव्हता. म्हणाला, "तितं लई बोलत्यात."

परवा वहिनींना भेटायला दुकानात गेलो. फळीवर सगळी मशीनं रांगेत, आणि टोकाला ते एक, डांबराचे डाग पडलेलं. दुकान आता भाचा चालवतो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, लगीनसराईत कमी पडलं तरी ह्ये मशीन ह्यांनी परत कुणाला दिलं न्हाय." मी ते खाली घेतलं, धूळ पुसली. वर सर्जाच्या हातची, पांढऱ्या रंगातली अक्षरं: 'पाण्याचं मशीन. भाड्यानं न्हाय.'

ही अक्षरं सत्काराच्या दिवशीही होती. वायर काढताना मी ती वाचली होती.