मुदतीच्या तापानंतरचे केस

"टायफॉइड," चांद्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. मग आईकडे वळून म्हणाले, "म्हणजे मुदतीचा ताप. आतड्याला सूज येते. पाणी उकळून द्या, पेज द्या, आणि हिला उठू देऊ नका." मी तेव्हा एकोणीस वर्षांची, जात्याच चुळबुळी. तापापेक्षा ते 'उठू देऊ नका' ऐकूनच मला रडू फुटलं.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट, चंद्रपूरला चांदा म्हणायचे तेव्हाची. त्या तापावरच्या गोळ्या तेव्हा नवीनच आल्या होत्या. त्यांनी मी वाचले. दसऱ्याला आजारी पडलेली मी दिवाळीनंतर चांद्याहून, डोंग्यातून वैनगंगा ओलांडून माहेरी, मार्कंड्याजवळच्या आमच्या गावी आले. सगळे म्हणाले, पोरगी सुटली.

मार्गशीर्षात केस जायला लागले. उशीवर, पाण्याच्या घंगाळात, भाकरीच्या पिठातसुद्धा. संक्रांतीपर्यंत टाळू दिसू लागली आणि जे नवे केस आले ते जावळासारखे बारीक. शिवरात्र झाली की हे मला सासरी न्यायला येणार होते. आलापल्लीकडे लाकूड डेपोत मुन्शी होते. आणि सासूबाईंनी मला पसंत केलं होतं ते माझा अंबाडा बघून, हे अख्ख्या गावाला ठाऊक. अशा डोक्यानं त्यांच्या दारात उभी राहिले तर त्या मला परत धाडतील, ही धास्ती मला बसू देईना. दिवसातून दहा वेळा मी आरशापुढे जायचे.

आईचा उपाय ठरलेला. आमच्याकडे मोहाच्या बियांचं, टोळीचं तेल घरोघरी. ते ऊन करून तिनं माझ्या डोक्यावर थापलं.

"तेल नाई लावलं त केस धरन कायले? बस चुपचाप," ती म्हणाली.

पौषातली थंडी. टोळीचं तेल गारठ्यात तुपासारखं थिजतं, हे आम्हा दोघींना काय माहीत नव्हतं? पण दाट केसांत ते कधी जाणवलं नव्हतं. सकाळपर्यंत नवे केस मेणात बुडवल्यासारखे टाळूला चिकटून बसले. आईनं बारीक दातांची फणी घातली आणि झुबकाच हातात आला. मी किंचाळले. चार दिवस तिच्याशी बोलले नाही. ती जेवायला वाढायची, मी पाठ फिरवून जेवायचे.

ताप उलटला असेल म्हणून वडील मला पुन्हा चांद्याला घेऊन गेले. बाकावर दोन तास बसलो. मी नखं खाऊन संपवली.

डॉक्टर हसले. "ताप नाही. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस जातातच, आणि परत येतात. पण बारीक केसांना जड तेल नको. ते चिकटतं, फणीत ओढलं जातं. काहीतरी हलकं लावा, आणि लगेच धुऊन टाका."

हलकं म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मग मीच शोधायच्या मागे लागले. तळ्याची काळी माती लावली, केस काथ्यासारखे झाले. नुसत्या शिकेकाईनं आणखी कोरडे. पेजेनं मऊ झाले, पण नीट धुतले गेले नाहीत, आणि दुपारी डोक्याला मुंग्या लागल्या. धाकटी बहीण पोट धरून हसली. मला मात्र दिवस मोजून धडकी भरत होती.

शेवटी अंगणातल्या जास्वंदीची पानं पाण्यात चोळली. बुळबुळीत रस निघाला. तो गाळून केसांना लावला, थोड्या वेळानं कोमट पाण्यानं धुतला, आणि फणीऐवजी बोटांनी गुंता काढला. केस सुटे झाले, हलके झाले. तुमच्या घरी कुणाला असा ताप येऊन गेला असेल तर एवढंच करा, आणि आरसा पालथा घालून ठेवा.

निघायच्या दिवशी आईनं गंगावन पुढे केलं. माझ्याच गळालेल्या केसांचं, तिनं गुपचूप जमवून वळलेलं. "हे घाल. कोनाले समजनार नाई."

मी नाही घातलं. ते पेलण्याइतके केसच नव्हते, आणि लपवून नांदायचं किती दिवस?

वाटभर यांच्यासमोरही डोक्यावर पदर होता; सासरी उंबऱ्यातच मी तो खाली घेतला. केस जेमतेम दोन बोटं वाढले होते. सासूबाई बघतच राहिल्या. मग त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"लय मऊ लागून राह्यले व. कायनं धुतेस?"

मी सांगितलं. सांगता सांगता रडले. त्यांनी मला आत नेलं, पाणी दिलं.

"तुह्या मायनं लय केलं असन तुह्यं," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणाले. त्या चार दिवसांचं मात्र सांगितलं नाही. आईलाही कधी म्हणाले नाही, की चुकलं माझं. ती गेली तेव्हा माझा अंबाडा पुन्हा पहिल्यासारखा झाला होता.