माशावर अडकलेला जीव

साखरशेतच्या कमूला काळजी लागली होती ती एका माशाची. आणि तोही कुठला? आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया तळ्यातला, माणसाएवढा लांब! कोणाला सांगायची सोय नाही, लोक हसतील. जव्हारच्या बाजारातून परतताना ती लेकीला, दिपिकाला घेऊन शिरपामाळावर बसून राहिली, कारण पुढे गावात रेंज नाही. पोरगी बोरं वेचत होती आणि कमू फोनकडे बघून बघून डोळे फोडून घेत होती.

तिचा नवरा तुळशीदास आधी समुद्रावर बोटीत खलाशी होता. पावसाळ्यात घरी यायचा, भात लावायचा, थोडं भांडायचा, परत जायचा. बरं चाललं होतं. मग कोणाच्या तरी ओळखीने तो थेट आफ्रिकेला गेला. तिथे गोरे पाहुणे हौसेने गळ टाकायला येतात, हा त्यांच्या बोटीवर कामाला. नाईल पर्च नावाचा मासा, दुसऱ्या माशांना गिळून माजलेला. त्याच्याशी झुंजायचं, दमवून ओढून आणायचा, फोटो काढायचा आणि चक्क सोडून द्यायचा! हे ऐकलं तेव्हा कमू फोनवरच ओरडली होती, "सोडाचा? मंग धरला कशाला? डोकी फिरलीत काय त्यांची?"

आणि आज भर बाजारात तुळशीदासने आवाजात भरून पाठवलेला निरोप फोनवर येऊन पडला होता. "कमू, घात झाला गं. पाहुण्याला लय मोठा मासा लागला. मी वर घेताना कल्ल्यात हात घातला. माशाचं रक्त थांबत नाय. बोटीच्या कडेला पाण्यात जाळीत ठेवलाय, हलत पण नाय. मालक म्हणतो, मेला तर तू घरी जा."

कल्ल्यात हात! आता त्याला तरी काय बोल लावायचा? ओढ्यात मासा धरला की कल्ल्यातून काडी ओवायची आणि घरी न्यायचा, पोटात असल्यापासूनची सवय. मासा परत पाण्यात जायचाय हे इकडे कोणाच्या डोक्यात येईल? कमूचाही हात तिथेच गेला असता.

तिने गावच्या देवाच्या दिशेला हात जोडले. "वाघोबा, कोंबडी देईन," म्हणाली, आणि पुढे जीभच वळेना. मासा जगू दे, म्हणायचं होतं. पण मासा मेला तर तुळशीदास घरी येणार होता. दोन वर्षांनी. हा विचार मनात आला आणि ती स्वतःलाच घाबरली. तिकडे त्याचा जीव टांगणीला, आणि आपण मेलं हे काय मागतोय? तिने विचार झटकला. तो पुन्हा येऊन बसला. माळावर फिरायला आलेली माणसं हसत फोटो काढत होती, त्यांचाही तिला राग आला.

ऊन कलंडायला लागलं तेव्हा फोन वाजला, दुसरा निरोप आला होता. तुळशीदास हसत होता, धापा टाकत होता. "कमू, जगला! शेपटी मारून गेला बघ, मला पार भिजवलं! पाहुण्याने मिठी मारली. मालक म्हणतो, आणखी दोन वर्षं राहा."

कमूने उत्तर फोनमध्ये भरायला घेतलं, आवाज फुटला. ते भरलेलं पुसून टाकलं. पदराने तोंड पुसलं, घसा खाकरला आणि पुन्हा बोलली, "लय बरं झालं. हात बघ, कापला नाय ना? जप."

दिपिका मूठभर बोरं घेऊन धावत आली. "आई, बाबाचा फोन होता? येतो का तो?"

"मासा जगला गं," कमू म्हणाली.

पोरीने आनंदाने टाळ्या पिटल्या.