अकराव्या दिवसाची घुमघुम

माझे वडील वारल्यावर अकराव्या दिवशी बोलू लागले. निदान आत्याचं तसं मत होतं.

दहाव्याला कावळा तासभर पिंडाला शिवला नव्हता, तेव्हापासूनच ती साशंक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पणदऱ्याच्या घरात कुठूनतरी 'घूंऽऽ' असा बारीक आवाज येऊ लागला. आत्या भवानीनगरहून आलेली, वय पंच्याहत्तर, शुगरच्या गोळ्या चालू. "दादाचं काय ऱ्हायलंय ते कळल्याबिगर मी घास घ्यायची न्हाय," म्हणाली आणि पंख्याखाली सतरंजीवर आडवी झाली.

मी बारामतीला कॉलेजात ग्रंथपाल. घरगुती वीजदुरुस्तीवरचं एक पुस्तक मी वाचलेलं होतं. (हीच अडचण.) त्यात लिहिलं होतं की एकेक उपकरण बंद करत जावं, आवाज थांबला की दोषी सापडला. मी फ्रिज बंद केला. टीव्ही, मिक्सर, सगळ्या ट्यूब. पाहुण्यांचे सात मोबाईल चार्जर उपटले, त्यामुळे सात पाहुणे दुखावले. पंख्याला हात लावला नाही, खाली उपाशी आत्या होती. शेवटी अकराच्या सुमारास मेन स्विच पाडला. आवाज वाढला!

"ईज बंद हाय तरी घुमतंय," आत्या पडल्या पडल्या मला म्हणाली. "आता बोल."

पुस्तक तिथंच संपत होतं. मग माझ्या चुलत्यांनी कावळ्यापुढं देतात तसा शब्द द्यायला सुरुवात केली. बांधाचा वाद मिटवू, म्हणाले. घूं. म्हैस विकणार नाही, म्हणाले. घूं. तीन वाजले. आत्याची शुगर उतरू लागली आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मी, एम.ए., भिंतीला हात जोडून वडिलांना म्हणालो, "तात्या, यंदापासून दर रविवारी उसाला पाणी मी देईन."

आवाज थांबला.

चुलत्यांनी डोळे पुसले. आत्यानं भाकरी मागितली. मी कृतज्ञतेनं वर पाहिलं, तर पंखाही थांबत होता. मेन बंद असताना तो चार तास आमच्या डोक्यावर फिरत होता आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं! माळ्यावर पाहुण्यांच्या गाद्यांमागे दबलेला इन्व्हर्टर पंखा चालवत घुमून घुमून, बॅटरी संपल्यावर गप्प झाला होता.

हे मी आत्याला समजावून सांगितलं. तिनं भाकरी चावत सगळं ऐकून घेतलं.

"संपली असंल बॅटरी. पर तू शब्द दिल्यावरच बरी संपली?"



आता रविवारी पहाटे मी उसात असतो. गेल्या रविवारी विहिरीवरची मोटर तशीच घुमायला लागली. माझ्याकडे देण्यासारखा आणखी शब्द उरला नव्हता, म्हणून वायरमनला बोलावलं.